एक नंबर मोठा

ताइ वाइच्या बाजारात बुटांचं दुकान मासळीवाल्याला लागून होतं,
त्यामुळे नव्याकोऱ्या बुटांनाही
पहिले दोन दिवस कोळंबीचा वास यायचा.
तिथं तू मला स्टुलावर बसवायचीस,
मोजा काढून माझं पाऊल मांडीवर घ्यायचीस
आणि मोडक्यातोडक्या कँटनीजमध्ये सांगायचीस :
दोन जोड द्या. एक ह्याच्या मापाचा.
एक, एक नंबर मोठा.

दुसरा जोड कुणाचा, मी कधी विचारलं नाही.
उकळलेलं पाणी थर्मासात कोण भरतं
हेही कुठं विचारलं होतं?

सातव्या वर्षी विचारलं.
नुनिकचा, म्हणालीस.
नुनिक कोण?
तू माझी नाडी बांधत होतीस. बांधून झाली.
मग सोडलीस, पुन्हा बांधलीस.
माझी. तुझ्याहून नऊ महिन्यांनी मोठी.

मी आठ दिवसांचा असताना तू आमच्या घरात आलीस.
वजाबाकी शाळेत शिकलो होतो,
ही मात्र फार उशिरा केली.

आई वाईट नव्हती. बँकेतून रात्री नऊला यायची,
झोपलेल्या मला बघायची, बूट हातात घेऊन, आवाज न करता.
मी पहिला शब्द बोललो तेव्हा ती डॉक्टरांना विचारायला गेली,
"माएम" म्हणजे काय हो?
त्यांना काय ठाऊक.
तू दारापाशी उभी होतीस, पिशवीत माझा भाताचा डबा.
जेवायचंय म्हणतोय, म्हणालीस हळूच,
चोरी पकडली गेल्यासारखी.

अजूनही अंधारात पलंगाला करंगळी आपटली
की तोंडून निघतं ते तुझ्या गावचं.
बायको हसते. म्हणते, तू नक्की कुठला?

त्या पलंगाखालून रोज रात्री तुझा पलंग ओढून निघायचा,
चाकांवरचा, फळकुटाएवढा.
तुझ्या मोबाइलचा उजेड छतावर पडायचा
आणि कुणाला तरी तू कुजबुजत विचारायचीस :
बसले का गं?
पलीकडून काहीतरी यायचं.
मग उजेड जायचा.

मी बारा वर्षांचा झालो. आता त्याला कुणी लागत नाही, असं ठरलं.
बाबांनी हिशेब चोख केला :
तिकीट, उरलेला पगार, वर्षांचे म्हणून जे द्यायचे ते.
एक डॉलर इकडचा तिकडे नाही.
कुणी तुला लुबाडलं असतं
तर मला निदान रागावता आलं असतं.

एकोणीस वर्षांनी वोनोसोबोला उतरलो. धुकं, बटाट्याची शेतं,
आणि बसमध्ये घोकलेलं आभाराचं एक वाक्य.
दार नुनिकनं उघडलं.
तू शेतावर होतीस.
तिनं कॉफी दिली, मग आतून एक खोका आणला.
बारा जोड. वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.
निळा, फुलपाखरांचा, तो चालताना चमकणारा.

एकही पायात गेला नाही, ती म्हणाली. माझे पाय बापावर गेलेत.
टाच दुमडून घालायचे मी. शाळेच्या वळणापर्यंत.
पुढं हातात.
मग फोनवर?
फोनवर म्हणायचे, अगदी मापात.
ती खोक्यात बघत होती, माझ्याकडे नाही.
तुझे पाय बारीक होते, नाही?

मग तू आलीस. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल.
माझ्या चेहऱ्याकडे नंतर पाहिलंस.
आधी खाली पाहिलंस, उंबऱ्याबाहेर काढलेल्या माझ्या बुटांकडे,
वाकून एक उचललास,
अंगठ्यानं आतून चाचपलास
आणि घोकलेलं वाक्य मी विसरलो.

नंबर किती आता?
बेचाळीस.

आत नुनिक कप विसळत होती.
पाणी बंद झालं.
माझा एकोणचाळीस, ती म्हणाली.
तिला कुणी विचारलं नव्हतं.