सहा महिन्यांनी

घोडपदेवच्या दवाखान्यात
प्रत्येक कार्डाच्या तळाशी मी लिहिते:
पुन्हा सहा महिन्यांनी.
तीस वर्षं. आता हातच लिहितो.

काल रात्री वाएलच्या बायकोचा फोन.
सुहा इंग्रजीत बोलते, सावकाश, माझ्यासाठी.
मुदत संपायच्या आदल्या दिवशी
नवा कागद दिला त्याला. आणखी सहा महिने.
हा चौथा.
आरोप नाही. खटला नाही.
फाइल आहे म्हणे,
ती न्यायाधीशाने पाहिली
आणि वकिलासमोर मिटली.

नायरच्या डेंटलला आम्ही एका बाकावर.
तुलकर्मचा पोरगा, आग्रीपाड्यात खोली,
मराठी शिकला ती पेशंटच्या तोंडाशी वाकून, तेवढीच:
आ करा. थुंका. दुखतंय का?
जिना चढणाऱ्या झाडूवाल्या मावशींना विचारायचा,
दुखतंय का?
सरांनी झापलं की मला.

सरावासाठी त्याने घेतलेला माझ्या जबड्याचा साचा
अजून कपाटात आहे.
अक्कलदाढ आडवी. खाली पेन्सिलीने माझं नाव,
ज्योत्स्नामधला त् विसरलेला.
त्यातले चार दात मी केव्हाच गमावले,
प्लॅस्टरमध्ये आहेत.

बाबा पंचाहत्तरला नाशिकरोडला होते, असेच, बिनखटल्याचे.
आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकही काट मारली नाही.
शेवटचा दिवस ठाऊक असेल
तर मोजायचं गं, म्हणायची,
आणि तांदूळ निवडायला घ्यायची,
निवडलेलेच.

सुहाला मी भलतंच विचारलं,
त्याचे दात कसे आहेत?
ती हसली की काय, लाइन खरखरली.
सुटून आलेल्या एका मुलाने सांगितलं तिला:
उजवी दाढ सुजलीय. गोळी मिळते, कधीतरी.
पण कोठडीतली पोरं त्याच्यापुढे आ करतात.
आरसा नाही, दिवा नाही,
तोंड झरोक्याकडे वळवून तो बघतो, सांगतो,
किडलीय. बाहेर गेलास की काढून घे.
बाहेर कधी,
ते डॉक्टर सांगत नाहीत.

आज तांडेलांच्या कार्डावर पेन अडलं.
काय झालं डॉक्टर, पुढचं कधी?
मी लिहिलं:
चौदा ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी साडेपाच.
इतक्या पुढचं कोण सांगणार बाई, म्हणाले,
कार्ड खिशात घातलं,
आणि दारात बराच वेळ
चप्पल शोधत राहिले.