तीनशे सातवं पाणी

आज पुन्हा तक्ता काढला.
एकशे एक्क्याऐंशी आडवे, एकशे एक्क्याऐंशी उभे,
जिथे दोन अवशेष जवळ, तिथे काळा ठिपका.
कर्णावर दाट रांग, शेजारी शेजाऱ्याला लागून,
त्यात नवल काही नाही.
नवल कोपऱ्यातल्या ठिपक्यांचं:
साखळीतला बारावा ल्युसीन
एकशे साठाव्याच्या खांद्याला खांदा लावून,
मधे दीडेकशे जण असताना.
घडी पडल्याशिवाय कोण कुणाचं ते कळत नाही.

अवशेष. शब्द पुस्तकातला.
तेरच्या टेकाडातून निघावेत
खापरं, शंखाच्या बांगड्या, तसा.
पण बरोबर आहे तो.
एकमेकांचा हात धरताना
प्रत्येक जोडीनं एक पाणी सोडलेलं असतं,
मग जे उरतं ते अवशेष.

प्रथिन तुरीच्या दाण्यातलं.
घाटेअळीच्या पोटात जाऊन तिचं पचन अडवतं.
एवढंच त्याचं काम,
आणि चार वर्षं झाली, माझं.

मर्यादा साडेचार अँगस्ट्रॉम.
आत आलात तर संपर्क, बाहेर राहिलात तर नाही.
कुणी चार धरतं, कुणी पाच.
सर म्हणाले, एक धर, आणि शेवटपर्यंत बदलू नकोस.

सटवाजी आजोबांच्या वेळी
गावानंही एक अंतर धरलं होतं.
ते विहिरीच्या काठाखाली ओंजळ करून बसत,
पाणी वरून यायचं.
पोहऱ्याची कड आणि ओंजळ, मधे हातभर.
कुणी मोजलं नव्हतं,
सगळ्यांना पाठ होतं.

अडचण एकतीस आणि एकशे अठराची.
अ‍ॅस्पार्टेट आणि आर्जिनीन, ऋण आणि धन,
अंतर पाच पॉइंट तीन.
तक्त्यात कोरी जागा.
पण मन्मथनं एकतिसावा काढून तिथं अ‍ॅलनीन बसवला
(मन्मथ बिराजदार, उदगीरचा; हात भिजतात ते त्याचे,
माझे फक्त कळफलकावर)
आणि अख्खं प्रथिन पंचावन्न अंशांतच उलगडलं.
जे एकमेकांना लागतच नाहीत
त्यातला एक गेला तर
घडी का मोडावी?

तीन आठवडे मी आज्ञावलीत चूक शोधली.
चूक नव्हती.
शेवटी तो दारात उभा राहिला, हातात नळ्यांचं स्टँड,
"फाईल साफ करताना काय काय काढून टाकतीस?"
पाणी, म्हटलं. सगळेच काढतात.
"कामून? लातूरची असून?"

हसले.
रात्री हसू आलं नाही.
आमच्या गल्लीत नळ दहा दिवसांनी.
मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात
अकरावी संपलेली,
आणि घागरी मोजायचं काम माझ्याकडं.
बावीस. सांडलेलीसुद्धा धरून.
तीच मी, एका ओळीची आज्ञा देऊन,
दोनशे चौदा पाणी पुसून टाकत आले,
दर वेळी,
हिशेब न ठेवता.

मूळ फाईल उघडली.
सगळ्यात शेवटी, साखळी संपल्यावर,
एचओएच, एचओएच, एचओएच,
टँकर यायच्या आधी घागरी लावाव्यात तशी ओळ.
त्यातलं तीनशे सातवं
दोघांच्या मधोमध.
इकडून दोन पॉइंट आठ, तिकडून दोन पॉइंट सात.
बाकीची हलतात, डळमळतात,
हे जागचं हललेलं नाही.

सकाळी सरांना दाखवलं.
चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले.
याला संपर्क म्हणायचं का?

मी आजोबांच्या ओंजळीकडं पाहत होते.
मधे तिथंही पाणीच होतं.
पण ते सोडलेलं होतं वरून,
एका हातातून सुटून दुसऱ्यात पडणारं.
हे दोघांनी धरलंय.

म्हणूया, म्हटलं.
तक्त्यासाठी निळा रंग घेतला,
एकतीस, एकशे अठरा.
दोनशे तेरा अजून बघायची आहेत.