व्हॅन माझी होती

व्हॅन माझी होती, एवढंच म्हणेन.
सोमवार ते शुक्रवार तिच्यात मासळी,
बंदरावरून वरच्या खाणींच्या गावांना.
शनिवारी ही चार पोरं.
बर्फाचं पाणी काढायचो, तळ दोनदा धुवायचो,
तरी कार्डिफच्या पहिल्या कार्यक्रमात
पुढच्या रांगेतली एक मुलगी नाक मुरडून म्हणाली,
बांगड्यांचा वास कुठून येतोय?
हेलेद माइकवरून म्हणाली, आमच्याकडून.
लोक हसले, आणि मग ऐकू लागले.

नाव होतं ओल्या पाट्या.
आमच्या भाषेत ते म्हणायला जीभ टाळूला टेकवून
गालाच्या कडेनं हवा सोडावी लागते.
लंडनच्या कंपनीच्या माणसाला जमेना.
तो नुसताच थुंकला, रुमालानं ओठ पुसले,
आणि करारावर लिहिलं: पाट्या.
ओल तिथंच टिपली गेली.

गाव पाटीच्या दगडाचं.
डोंगर फोडून आम्ही परक्या शहरांची छपरं शाकारली,
आमची गळतात.
तेगिदचा आजा बावन्नाव्या वर्षी
छातीत धूळ घेऊन गेला,
त्याच्यावर एक कडवं होतं पहिल्या गाण्यात.
ते कोणी लिहिलं?
पुढं वकिलांनी हेच विचारलं, चार वेळा, चार खोल्यांत.
मला कोणी विचारलं नाही.
मी गाडी चालवत होतो, कान उघडे होते:
पहिली ओळ तेगिदची, दुसरी हेलेदची,
तिसरीला शब्द सुचेना म्हणून ग्वेर्न नुसता गुणगुणला,
आणि माझा भाचा मैरिग मागं बर्फाच्या पेटीवर
दोन चमच्यांनी ताल धरून बसलेला.
हार्लेखच्या वळणावर, पावसात.
लेखी काहीच नाही.

इंग्रजीत एक गाणं केलं, ते चौदाव्या नंबरावर गेलं.
बेकरीवाल्यानं खिडकीत त्यांचा फोटो लावला, पावांच्या वर.
चॅपलमध्ये पाद्र्यानं त्यांचा उल्लेख केला,
क्षमेच्या स्वरात, पण केला.
माझ्या बहिणीनं टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल काढला
तो परत घातलाच नाही.

मग कंपनीची बस आली.
आत पलंग, संडास, फळांची टोपली.
हेलेदनं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून
माझ्या हातात पाकीट दिलं.
मी घेतलं.
पोरं माझी होती, पण डिझेलही लागतं.

फुटले कसे, ते तीन तऱ्हांनी कळलं.
ग्वेर्न म्हणतो हॅम्बुर्गला, हॉटेलच्या जिन्यात, किल्लीवरून.
तेगिद म्हणतो, पैशांवरून मुळीच नाही,
हे न विचारताच म्हणतो.
हेलेद काही म्हणत नाही.
मैरिग रात्रीच्या शेवटच्या गाडीनं उतरला,
टॉवेलात गुंडाळलेला एकच ड्रम काखेत,
म्हणाला, मामा, उद्या किती वाजता निघतोस?
मी म्हटलं, चारला.
तेव्हापासून तो माझ्यासोबत मासळी विकतो.
तोलताना काट्याच्या कडेवर बोटं वाजतात त्याची,
गिऱ्हाइकांना वाटतं, घाई झालीय.

बहीण गेली त्या मार्चमध्ये चौघं आले.
एकाच बाकावर बसले,
मध्ये एकेक माणसाची जागा सोडून.
आमच्याकडे देवाचं गाणं चार सुरांत गातात,
ते कोणाला शिकवावं लागत नाही.
चौघांनी आपापला सूर धरला.
मान कोणीच वळवली नाही.

बाहेर पाऊस. स्टेशन सात मैल.
पुढं तिघंच मावतात, मी धरून.
मागं कोण बसणार यावरून
अकरा वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलले,
भांडलेच म्हणा ना.
तेगिद मागं गेला, मैरिगही.

हार्लेखच्या वळणावर मागून पत्र्यावर ठकठक सुरू झाली.
चमचे नव्हते, बोटंच असावीत.
ग्वेर्न गुडघ्यांकडे बघत होता.
तिसऱ्या ओळीला हेलेदचे ओठ हलले
असं मला वाटतं.
खात्री नाही.
वळण अवघड आहे तिथं,
मी रस्त्याकडे बघत होतो.