एकशे ब्याऐंशीवा गळा

खिडकीपाशी सहा टेबलं.
उजेड दहाला येतो, तीनला जातो;
मधल्या वेळात क्लार्कनवेलच्या धुक्यातून
गाळून मिळेल तेवढ्यात आम्ही पक्षी रंगवतो.

दगडावरून छापून येतात तेव्हा सगळे राखाडी,
भिजलेल्या चिमण्या जशा.
माझ्याकडे गळे. डोर्कसकडे शेपट्या.
फुलं नव्या पोरीकडे,
कारण फूल चुकलं म्हणून
कुठला वर्गणीदार पत्र लिहीत नाही.

आधी सोन्याचा वर्ख, श्वास रोखून.
शिंक आली तर अर्ध्या दिवसाचा रोज उडाला.
त्यावर पातळ हिरवा, त्यावर गोंदाचं पाणी.
कुंचल्याला टोक काढायला ओठ.
हिरवा कडू लागत नाही, उगाच म्हणतात;
हिवाळ्यात दाराच्या कडीला जीभ लावावी
तसा लागतो.
डोर्कसच्या हिरड्या हल्ली दुखतात.
थंडीनं, म्हणते ती.

काल मिस्टर ट्रेंचर्ड खराच पक्षी घेऊन आले.
बोगोटाहून, सिगारच्या खोक्यात,
पोटात कापूस, पायाला चिठ्ठी.
माझ्या तळहातावर ठेवला.
वजन नव्हतंच.
कुणी काही सांगायला तोंड उघडावं
आणि राहू दे म्हणावं, तेवढंच.

"साहेब, हा तर काळा आहे."
"वळव."
वळवला,
आणि त्या मेल्या गळ्यात कुणीतरी दार उघडलं:
हिरवं, मग तांबूस, मग ज्याला माझ्या बशीत नाव नाही असं,
आणि लगेच लावूनही घेतलं.

डोर्कसनं विचारलं, हे ओरडतात कसे?
ट्रेंचर्डनी मजकुराचं पान काढलं, चष्मा पुसला,
चोच किती इंच, शेपूट किती इंच...
आवाजाचं काही नव्हतं.
तीन वर्षांत एवढे गळे रंगवले मी,
एकाचाही गळा ऐकला नाही.

आज एकशे ब्याऐंशीवा.
वर्खाच्या डाव्या कडेला
मी दाण्याएवढा काळा राहू दिला.
नमुन्यात नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी कागद दिव्याखाली सरळ धरला,
मग तिरका,
मग बराच वेळ तिरकाच.
शेजारच्या टेबलावर डोर्कस
शेपटी रंगवता रंगवता दातांच्या फटीतून
काहीतरी गुणगुणत होती, सूर नसलेलं,
एकाच जागी थरथरणारं.

"पुढचा घे," म्हणाले.
पेनी कापली नाही.