सिमसिम

सिमसिम म्हणजे तीळ, लुजैनने सांगितलं
आणि पिंजरा माझ्या ओट्यावर ठेवला.
अर्ध्या वर्षाची सुट्टी. ती, तिची आई हनान
आणि सात बॅगा मन्सूराला निघाल्या होत्या.
खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता,
तरी ती बोटं मोजत राहिली:
हॅमस्टरला दिवसा उठवायचं नाही.
उठवावंच लागलं, तर आधी बोलायचं, हळू.
मग हात जाळीपाशी. वास घेऊ द्यायचा.
मग थांबायचं.
किती?
तिने खांदे उडवले. तो येईपर्यंत.

फहाहीलमध्ये नऊ वर्षं झाली मला.
रात्रभर इस्पितळात लोकांचं रक्त काढते,
नळ्यांवर नावं चिकटवते,
उजाडताना घरी येऊन झोपते.
खिडकीला चांदीचा कागद लावलाय, पोळ्या गुंडाळायचा.
दुपारी बाराला चिपळूणहून फोन:
"अगं, अजून लोळत्येसच?"
आईला हे घड्याळ अजून समजलेलं नाही.

त्या मूठभर जिवाला समजत होतं.
मी डबा भरायला लागले की लाकडी घरातून
आधी नाक, मग मिशा, मग जांभई,
एवढी मोठी की सगळे दात दिसावेत.
मी ड्यूटीवर, तो चाकावर.
सकाळी परत यावं, तर हा गालांत दाणे कोंबून
गालगुंड झाल्यासारखा आत निघालेला.

संक्रांत होऊन गेली होती. लाडवावरचा
एखादा तीळ मी त्याला द्यायचे, त्याच्याच नावाचा.

इथे थंडी पडते हे गावी कुणाला खरं वाटत नाही.
वाळवंट रात्री हातातलं सगळं सोडून देतं,
आणि या इमारतींना ऊब धरायची सवयच नाही.
त्या रात्री घाईत
मी ओट्यावरची खिडकी उघडी टाकून गेले.

सकाळी चाक थांबलेलं. दाणे तसेच.
नाव घेतलं. हात जाळीपाशी नेला. थांबले.
मग छप्पर उचललं.
कागदाच्या कपट्यांत गुंडाळी होऊन पडलेला,
फ्रीजमधून काढलेल्या नळीसारखा गार.

बुटांचं खोकं शोधलं.
शुक्रवारच्या बाजारात असाच तपकिरी दुसरा मिळेल,
असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.
पण याच्या डाव्या कानाला खाच आहे
आणि लुजैनला ती पाठ आहे.

खोक्यात ठेवताना मिशीचा एक केस हलला.
की माझाच श्वास लागला त्याला?
श्वास धरून घड्याळ पाहिलं.
एक मिनिट. वर आणखी थोडं.
बरगड्या उचलल्या. एकदाच.

हीटर लावला नाही.
गार पिशवी एकदम तापवली तर रक्त फुटतं,
हे कामावर पहिल्याच वर्षी शिकले होते.
खिडकी लावली, कोट न काढता भिंतीला टेकले,
तीर्थ घ्यायला करतात तशी ओंजळ केली
आणि बोलत राहिले.
टोमॅटो महागलेत. लिफ्ट परत बंद आहे.
तिसऱ्या मजल्यावरचा इसाम बाळाचा बाप झाला.
त्याला अरबीची सवय, माझं सगळं मराठीत.
पाऊण तास. पायाला मुंग्या.

आधी थरथर आली, बारीक, फोन वाजावा तशी.
मग एक डोळा, काळा, ओला.
त्याने माझ्या बोटाचा वास घेतला
आणि कडकडून चावला.

एक थेंब.
रोज दुसऱ्यांचं काढते, कधी इतकं
टक लावून पाहिलं नव्हतं.
पुसलं नाही लगेच.

मग तो कपट्यांत शिरला आणि झोपला,
आणि ही झोप कुठली, ती की रोजची,
ते कळेना म्हणून मी पिंजऱ्यापाशी बसून राहिले.

बाराला फोन. पहिल्याच रिंगला उचलला.
"आज जागी कशी गं तू?"
म्हटलं, हळू बोल.
"का? कोण निजलंय?"
आणि मी सांगायच्या आतच
आईने आवाज अगदी खाली आणला.