अदमास

सोहार बंदराच्या कचेरीत
खल्फान साहेब विचारतात, "किती दिवस?"
मी म्हणते, चाळीस ते साठ.
ते "ते" त्यांना आवडत नाही.
त्यांना तारीख हवी,
बी काढलेल्या खजुरासारखी.

मग मी आणि रेजी बसलो
काम फोडत, फोडीच्या फोडी करत,
आणि ट्रकच्या वजनकाट्याशी थबकलो:
काटा तारखा हिजरीत लिहितो,
पावती मात्र जानेवारी-फेब्रुवारीत.
नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
रेजी हसला. मी साठाचे पंचाहत्तर केले.

लागले त्र्याऐंशी.
खल्फान साहेब रागावले नाहीत.
कुठे अडणार ते आधीच लिहिलं होतं,
तिसऱ्या पानावर, पेन्सिलीनं.

रात्री खोलीवर चिपळूणहून फोन.
"कधी येणार गं परत?"
निघताना म्हणाले होते, दोन वर्षांत.
अंदाजपंचे. काहीच न फोडता.
हे सहावं चालू आहे.

फोन ठेवून कागद घेते.
पहिली ओळ: फ्लॅटचे हप्ते.
दुसरी: परत जायचंय का.
बाहेर क्रेनचा लाल दिवा
लागतो, विझतो.
तिसरी ओळ अजून लिहिलेली नाही.