चावीचे अठ्ठावीस फेरे

एकतीस वर्षं मी लष्करात पाणी सोडलं.
फौजेत नव्हे; ग्वाल्हेरचं लष्कर,
कंपू ते दौलतगंज, मधल्या सगळ्या गल्ल्या.
पहाटे साडेचारला सायकल, खांद्यावर लोखंडी चावी,
झाकण उचलायचं, चावी बसवायची,
अठ्ठावीस फेरे.
भराभर फिरवली तर लाइन फुटते,
हे बाबू कुशवाहनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
एक शिवी देऊन.

गेल्या माघात माझीच लाइन तुंबली.
दोन स्टेंट. चार दिवस.
घरी सोडताना कागद दिला:
गोळ्यांना दीड पान,
आणि तळाशी, शाई संपत आलेल्या प्रिंटरची
एक ओळ. रोज चालावे.

किती? कुठपर्यंत?
कळ आली तर ती जुनी की नवी?
जिना चढू? बादली उचलू?
(कुमुदजवळ निजू का, हे तर ओठांवरही आलं नाही.)
डॉक्टरांच्या दाराबाहेर चाळीस माणसं होती.
मी कागदाची घडी केली.

कुमुदनं मला काचेचा केला.
पाण्याचा तांब्यासुद्धा हातात.
रात्री तिचा तळवा माझ्या पाठीवर,
श्वास चाललाय का बघायला.
मी झोपेचं सोंग घ्यायचो, तीही.
दोन महिन्यांत माझ्या पोटऱ्या
उकडलेल्या दुधीसारख्या झाल्या.

भाचा म्हणाला, दिल्लीत त्यासाठी एक खोली असते.
चालायचा पट्टा, छातीला तारा,
एक मुलगी पडद्यावर तुमचं काळीज बघत बसते
आणि सांगते: आता जरा जोरात. आता थांबा.
आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे.
मी हिशेब मांडला.
छत्तीस वेळा पहाटेची गाडी, छत्तीस वेळा परतीची.
एवढं झेपलं असतं
तर त्या खोलीची मला गरज काय?

सरकारी दवाखान्यात गुडघे-कंबर बघणारी नसरीन हसली.
"चाचा, दिल्ली तरी आहे तुम्हाला.
जगात कितीतरी देशांत अशी एक खोली नाही."
हे मला कुणी समजावायला नको होतं.
टाकी भरलेली असते, मेन लाइन भरलेली असते,
आणि चढावरच्या शेवटच्या घरात
नळ नुसता फुसफुसतो.
तिथली बाई एकतीस वर्षं विचारायची,
"भैया, हमारे यहाँ कब?"
मी म्हणायचो, प्रेशर नाही.

टाकीच्या आवाराची किल्ली माझ्याकडेच होती.
परत करायची राहिली. करणारही नाही.
गुरुवारी नसरीन येते,
चुन्याच्या रेघेवर उभं करते, मनगट धरते,
"बोलता येईल एवढंच जोरात," म्हणते.
आम्ही सात जण टाकीभोवती.
आपटेबाई सगळ्यांच्या पुढे.
त्यांच्या कागदावर ती ओळसुद्धा नव्हती.
बाईमाणूस घरात फिरतेच की, असं कुणीसं म्हणालं होतं.

मुनीर वेल्डर एकदा पाचव्या फेरीला खाली बसला,
ओठ राखेसारखे.
नसरीननं त्याला रिक्षात घातलं.
पुढचे दोन गुरुवार आम्ही न बोलता चाललो.
मग त्याचा मुलगा राहिलेल्या चपला न्यायला आला.
"ठीक हैं अब्बू," म्हणाला.
असतील.

घरी मी आता अर्धी बादली उचलतो.
कुमुद दारातून बघते, बोलत नाही.
तिचा हात अजून पाठीवर असतो,
पण परवा ती माझ्याआधी घोरायला लागली.

आज फाटकाशी एक माणूस उभा होता.
भितरवारहून आलेला, दोन बस बदलून,
खिशात तशीच घडी, तळाशी तशीच ओळ.
परतीची बस चारला.
पुढच्या गुरुवारी? विचारलं.
"देखते हैं," म्हणाला. "किराया..."
नसरीन दुसऱ्या कुणाचं मनगट धरून होती.
मी त्याला रेघेपाशी आणलं.
आधी हळू, म्हटलं.
एक फेरा.
थांब.
बोल काहीतरी.